पालघरचं एक लाइक

बाळासाहेब ठाकरे गेले तो शनिवार होता, 17 नोव्हेंबर 2012. रविवारी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले. मुंबई कडकडीत बंद. उपनगरी लोकल तेव्हा विरारला संपायची. त्याच्याही पुढे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमध्ये, विशी-एकविशीतल्या एका मुलीनं त्या रविवारी फेसबुकवर इंग्रजीत चार-सहा वाक्यं लिहिली. सुरुवातच 'पूर्ण आदर राखून' अशी होती. पुढचा मथितार्थ असा: रोज हजारो माणसं मरतात आणि जग चालू राहतं, एका राजकारण्याला नैसर्गिक मृत्यू आला म्हणून एवढं काय, भगतसिंग, सुखदेव, आझाद यांच्यासाठी आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे शेवटचे कधी राहिलो, आदर कमवावा लागतो, लादता येत नाही, आणि आज मुंबई बंद आहे ती आदरापोटी नाही, भीतीपोटी. तिच्या एका मैत्रिणीनं ही पोस्ट लाइक केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींना अटक झाली. लिहिणारीला आणि लाइक करणारीलाही.

दोघींची नावं तेव्हा देशभर छापून आली. आजही शोधली तर पहिल्या फटक्यात सापडतात, जणू आयुष्यात त्यांनी तेवढंच केलंय. मी ती इथे घेत नाही. प्रकरण समजायला त्यांची गरजही नाही.

ठाण्यातली रात्र

तक्रार शिवसेनेच्या स्थानिक शाखाप्रमुखांची होती. रविवारी रात्री दोघींना पोलीस ठाण्यात बोलावलं गेलं आणि त्यांच्या पाठोपाठ जमावही जमला. लिहिणाऱ्या मुलीनं माफी मागितली, पोस्ट काढून टाकली. तरी जमावातल्या काहींनी तिच्या काकांचा हाडांचा दवाखाना गाठला आणि फोडला. काकांनी ना काही लिहिलं होतं, ना काही लाइक केलं होतं. पत्ता मात्र सगळ्या गावाला माहीत होता.

सूर्यास्तानंतर महिलेला अटक करायची तर कायद्यानं विशेष कारण आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. म्हणून अटक दाखवली ती सोमवारी सकाळी. मॅजिस्ट्रेटसमोर उभं केल्यावर आधी चौदा दिवसांची न्यायालयीन कोठडी, आणि मग काही तासांतच पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर जामीन. तोडफोडीच्या गुन्ह्यातही नंतर अटका झाल्या, पण क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: आधी शब्द आत गेले, मग दगड.

आता कलमं. या प्रकरणाची मेख तिथेच आहे आणि बातम्यांत ती पुरेशी आली नाही. सुरुवातीला लावलं गेलं भारतीय दंडविधानाचं 295अ, म्हणजे जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावणं. पोस्टमध्ये धर्म औषधालाही नव्हता. हे लक्षात आल्यावर ते काढून 505(2) लावलं, म्हणजे दोन गटांत वैर किंवा तिरस्कार पसरवणारं विधान. गट कोणते, हा प्रश्न कुणी विचारला नाही. आणि जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ, म्हणजे संगणकावरून किंवा फोनवरून त्रासदायक, अपमानकारक वगैरे मजकूर पाठवणं, जे पुढे या प्रकरणाचं दुसरं नावच होऊन बसलं.

गंमत अशी की नुसतं 66अ असतं तर तो जामीनपात्र गुन्हा होता. जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं, त्यामुळे जामीन हा आरोपीचा हक्क. पोलीस ठाण्यातच देता आला असता. अजामीनपात्र होतं ते 505(2). मुलींना कोर्टापर्यंत नेलं ते या जुन्या कलमानं, संगणकाच्या नव्या कायद्यानं नव्हे. बदनाम मात्र नवं कलम झालं, आणि जुनं गर्दीत निसटलं. याकडे मी शेवटी परत येणार आहे.

त्या रात्री ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत बसून पाहा. राज्यातला एवढा मोठा नेता गेलाय, वरून एकच निरोप आहे की काहीही होऊ देऊ नका, आणि दारात माणसं जमलीत. अशा वेळी आपल्याकडच्या पोलिसांच्या अंगवळणी पडलेला एक उपाय आहे. ज्याच्यावर जमाव चिडलाय त्याला आत घ्यायचं. जमाव पांगतो. सकाळी कोर्टात उभं करायचं, जामीन मिळतो, आठवड्यात विषय विरतो. यात गुन्हा कुणी केला हा प्रश्न दुय्यम असतो. कुणाला उचलणं सोपं आहे, एवढंच पाहायचं. दारातल्या जमावापेक्षा दोन मुली सोप्या. मिरवणुकीच्या भांडणात, बांधाच्या वादात, पळून गेलेल्या जोडप्याच्या बाबतीत हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चाललेला आहे.

पालघरमध्ये तो पहिल्यांदाच उलटला असं नाही. पण एवढ्या लख्ख उजेडात पहिल्यांदा उलटला.

सूचक आणि अनुमोदक

लाइकचं काय करायचं, हे त्या रात्री ठाण्यात कुणालाच ठाऊक नसावं. 66अ आलं ते 2008च्या दुरुस्तीनं. संसदेनं ती त्या डिसेंबरात, मुंबईवरच्या हल्ल्याला महिना होत असताना, चर्चेविनाच मंजूर केली. फेसबुकवर लाइकचं बटण आलं फेब्रुवारी 2009 मध्ये. म्हणजे ज्या कलमाखाली त्या मुलीला अटक झाली ते संमत झालं तेव्हा तिनं दाबलेलं बटण जगात अस्तित्वातच नव्हतं. पोलिसांनी मग ओळखीचा साचा वापरला, सोसायटीच्या वार्षिक सभेचा: ठराव मांडणारी सूचक, लाइक करणारी अनुमोदक, दोघी सारख्याच जबाबदार.

हे हास्यास्पद वाटतं, पण यात अगदीच तथ्य नाही असंही म्हणता येणार नाही, आणि इथे मी तेव्हाच्या बहुतेक टीकाकारांपासून थोडा वेगळा आहे. कट्ट्यावर कुणी काही बोललं आणि आपण मान डोलावली तर ती मान कट्ट्यावरच राहते. फेसबुकवर लाइक दाबलं की अमक्या मैत्रिणीला तमकी पोस्ट आवडली, हे आपल्या यादीतल्या माणसांसमोर जाऊ शकतं, लिहिणारीला ओळखतही नसलेल्यांसमोर. मान डोलावणं आणि हाती लागलेलं पत्रक पुढच्याला देणं, ही दोन कामं त्या एका बटणात एकत्र आली. दाबणाऱ्याच्या मनात पहिलं असतं, यंत्र दुसरं करतं. फौजदारी कायदा मनातला हेतू पाहतो. निदान त्यानं पाहावा अशी अपेक्षा असते. यंत्राचं काम मुलीच्या माथी मारणं ही खरी चूक होती.

दुसरी गोष्ट गावाच्या आकाराची. त्या दोन दिवसांत असंच, याहून कितीतरी तिखट, लिहिणारे मुंबई-पुण्यात आणि परदेशात थोडे नसतील. त्यांच्या दारात कुणी गेलं नाही, कारण त्यांचं दार कुठलं हे वाचणाऱ्याला माहीत नव्हतं. पालघरमध्ये लिहिणारीचं आडनाव वाचलं की घर डोळ्यांसमोर येतं, काकांचा दवाखाना येतो, कॉलेज येतं. सोशल मीडियाबद्दल बोलताना आपण नेहमी त्याच्या पल्ल्याबद्दल बोलतो, एक पोस्ट लाखोंपर्यंत कशी जाते वगैरे. इथे धोका जवळच्या अंतरात होता. क्रमही पाहा: आधी अटक झाली आणि मग पोस्ट देशभर गेली. अटक नसती तर ती चार-सहा वाक्यं मंगळवारपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली गेली असती.

दुसरा जमाव

सोमवारी दुपारपासून दुसरा जमाव गोळा व्हायला लागला. हा ठाण्याच्या दारात नव्हता; ट्विटरवर, वाहिन्यांच्या चर्चांत, दिल्लीत होता. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना पत्र लिहून अटक करणाऱ्या पोलिसांवर कारवाईची मागणी केली. ज्या कपिल सिब्बल यांच्याकडे केंद्रात माहिती तंत्रज्ञान खातं होतं त्यांनाही नाराजी व्यक्त करावी लागली. कोकण परिक्षेत्राच्या पोलीस महानिरीक्षकांकडे चौकशी गेली. अटकेची गरज नव्हती आणि लावलेली कलमं चुकीची होती, असा तिचा सूर होता.

27 नोव्हेंबरला ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले. त्याच दिवशी, ज्या मॅजिस्ट्रेटसमोर मुलींना उभं केलं होतं त्यांची उच्च न्यायालयानं जळगावला बदली केली. 28 तारखेला निलंबनाच्या निषेधार्थ शिवसेनेनं पालघर बंद पुकारला आणि गाव पुन्हा बंद झालं, दहा दिवसांत दुसऱ्यांदा. त्याच दिवशी राज ठाकरे यांच्याबद्दलच्या एका पोस्टवरून पालघर परिसरातल्या एका मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतलं. त्याच्या नावाचं खातं दुसऱ्यानं वापरल्याचं दिसल्यावर सोडून दिलं. हात पोळलेल्या ठाण्यानं चोवीस तासांच्या आत पुन्हा तेच केलं होतं, फक्त या वेळी कागद लवकर फाडला.

मला हे निलंबन तेव्हाही पूर्ण पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. अधिकाऱ्यांची चूक होतीच. पण सरकारनं पुन्हा तोच जुना उपाय केला: ज्याच्यावर जमाव चिडलाय त्याला उचला, जमाव पांगेल. पहिल्या जमावासाठी दोन मुली, दुसऱ्यासाठी दोन अधिकारी. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या खात्यानं या दहा दिवसांत ठाणे अंमलदारांसाठी एखादी साधी लेखी सूचना काढली असती, की पोस्टवरून तक्रार आली तर आधी कायदा अधिकाऱ्याला विचारा, जमाव असेल तर बंदोबस्त मागवा, अटक करू नका, तर तिचा उपयोग झाला असता. कारवाई झाली ती माणसांवर. पद्धत होती तिथेच राहिली.

केंद्रानं 9 जानेवारी 2013 ला सूचना काढली: 66अ खाली अटक करायची तर महानगरांत महानिरीक्षक आणि जिल्ह्यांत उपायुक्त किंवा अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी हवी. कागदावर ठीक. पण पालघर प्रकरणात निलंबित झालेल्या दोघांतले एक अधीक्षकच होते. ज्या पायरीवर घसरगुंडी झाली तीच पायरी सरकारनं कठडा म्हणून बसवली.

मुलींवर आरोपपत्र दाखल झालं नाही. पोलिसांनी प्रकरण बंद केलं.

दिल्लीत

29 नोव्हेंबरला श्रेया सिंघल या दिल्लीच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. सरन्यायाधीश अल्तमस कबीर यांनी तेव्हा आश्चर्य व्यक्त केलं होतं की या कलमाला आजवर कुणी आव्हान कसं दिलं नाही. प्रश्न रास्त होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ममता बॅनर्जींवरचं व्यंगचित्र ईमेलनं पुढे पाठवल्याबद्दल जादवपूर विद्यापीठाचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना अटक झाली होती. सप्टेंबरात मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी. ऑक्टोबरात पुदुच्चेरीत एका व्यावसायिकाला, काँग्रेस नेते पी. चिदंबरम यांचे पुत्र कार्ती यांच्याबद्दलच्या ट्वीटवरून. तृणमूल, काँग्रेस, शिवसेना. या कलमाला पक्षाचं वावडं नव्हतं. निकालाच्या आठवडाभर आधीसुद्धा उत्तर प्रदेशात, समाजवादी पक्षाच्या राज्यात, आझम खान यांच्या नावावर खपवलेल्या एका पोस्टवरून बरेलीच्या शाळकरी मुलाला अटक झाली.

पण प्राध्यापक, व्यंगचित्रकार, व्यावसायिक ही 'कुणीतरी' माणसं होती. पालघरच्या मुली कुणीच नव्हत्या, आणि म्हणून कुणीही होत्या. ज्याच्या हातात फोन होता त्याला त्या लाइकमध्ये आपला अंगठा दिसला.

24 मार्च 2015 ला न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि रोहिंटन नरिमन यांच्या पीठानं 66अ पूर्णपणे रद्द केलं. निकाल नरिमन यांनी लिहिला. कलमाचं मूळ त्यांनी थेट ब्रिटनच्या 1935 सालच्या टपाल खात्याच्या कायद्यापर्यंत शोधलं, टेलिफोनवरून अश्लील किंवा धमकीचं बोलणाऱ्यांसाठी केलेल्या तरतुदीपर्यंत. एका माणसानं दुसऱ्याच्या कानात ओतलेल्या घाणीसाठीची ती भाषा, चव्हाट्यावरच्या बोलण्याला लावली गेली होती. कलमातले शब्द एका रांगेत वाचले की निकालाची गरजच वाटत नाही: त्रास, गैरसोय, धोका, अडथळा, अपमान, इजा, धाकदपटशा, वैर, द्वेष, दुष्टावा. गैरसोय आणि धोका एकाच टोपलीत, शिक्षा एकच. राजकारणावर बोलून कुणाचीच गैरसोय होणार नाही, असं बोलणं कुणी करून दाखवावं.

निकालाचा कणा एका भेदात आहे. चर्चा करणं, एखादी बाजू हिरिरीनं मांडणं आणि चिथावणी देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलणं तिसऱ्या पायरीवर पोचतं तेव्हाच राज्याला हात घालता येतो, मग पहिल्या दोन कुणाला कितीही झोंबोत. पालघरची पोस्ट दुसऱ्या पायरीवरही धड चढलेली नव्हती. त्याच निकालानं एक गोष्ट मात्र राखली: सरकारला संकेतस्थळांवरचा मजकूर बंद करायला लावणारं 69अ. 66अ च्या जल्लोषात ते बाजूला पडलं. आज खाती आणि पोस्ट भारतात दिसेनाशा होतात त्यामागे बऱ्याचदा हेच कलम असतं. अटकेचा आवाज होतो, दिसेनासं होण्याचा होत नाही.

मेलेलं कलम

निकालानंतर सहा वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था सर्वोच्च न्यायालयात सांगत होती की अकरा राज्यांत 66अ खालचे 745 खटले अजून चालू आहेत. नरिमन तेव्हा पीठावर होते. स्वतः रद्द केलेलं कलम जिवंत असल्याचं त्यांना ऐकावं लागलं, आणि हे धक्कादायक आहे असं ते म्हणाले. केंद्राचे महान्यायवादी (अॅटर्नी जनरल) के. के. वेणुगोपाल यांनी सांगितलेलं कारण मला सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात खरं वाटतं. कायद्याच्या पुस्तकात 66अ अजून छापलेलं असतं; ते रद्द झाल्याचं फक्त तळटीपेत असतं. फौजदार पान उघडतो, कलम वाचतो, लावतो. तळटीप वाचायला त्याच्याकडे वेळ नसतो. ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही.

आणि तोवर त्याची गरजही संपत आली होती, कारण 505(2) जागेवर होतं. 14 मे 2022 ला अभिनेत्री केतकी चितळे यांना ठाणे पोलिसांनी अटक केली. शरद पवारांवरची, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली एक कविता त्यांनी फेसबुकवर टाकली होती. कविता हीन होती. पालघरच्या पोस्टशी तिची तुलना करणंसुद्धा त्या मुलीवर अन्याय आहे. पण कार्यपद्धती पाहा. पोलीस पुन्हा ठाणे जिल्ह्यातले. गृहखातं 2012 प्रमाणेच राष्ट्रवादीकडे. कळंबोली पोलीस ठाण्याबाहेर जमाव, शाई आणि अंडी. राज्यभर वीसहून अधिक गुन्हे. कलमांत 505(2). पालघरच्या मुली काही तासांत सुटल्या होत्या. इथे महिन्याहून अधिक काळ गेला. मधल्या काळात पत्रकार प्रशांत कनोजिया यांना योगी आदित्यनाथ यांच्याबद्दलच्या पोस्टवरून उत्तर प्रदेश पोलिसांनी दिल्लीतून उचललं होतं, जून 2019 मध्ये, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यांना तातडीनं सोडायला लावलं. म्हणजे सरकार कुणाचंही असो.

तक्रारीचं तंत्र मात्र सुधारलं. 2012 मध्ये एक शाखाप्रमुख एका ठाण्यात गेला होता. आता एका पोस्टवर दहा जिल्ह्यांत दहा तक्रारी होतात, त्याही व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या एकाच मसुद्यावरून, कधी कधी शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसकट. एका ठाण्यात जामीन झाला की दुसऱ्याचे पोलीस ताबा घ्यायला दाराशी उभे. दगड उचलायची गरज उरली नाही, प्रवासच पुरतो. त्यासाठी काकांचा दवाखाना माहीत असावा लागत नाही.

पालघर 1 ऑगस्ट 2014 ला जिल्हा झाला. आता तिथे स्वतःचे पोलीस अधीक्षक आहेत आणि लोकल डहाणूपर्यंत जाते. 1 जुलै 2024 पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. 505(2) तिच्यात 353(2) या नंबरावर आहे, मजकूर जवळपास तोच, आणि त्याखाली तळटीप नाही.